बादली उलटी करा!

बाथरूममध्ये जा आणि बादली उलटी करा. पाणी भरलेलं असेल तर आधी कुंड्यांना घाला, पण हे कराच. बुडाच्या बरोब्बर मधोमध बोटाला एक खरखरीत टिंब लागेल. ती बादलीची बेंबी! वितळलेलं प्लॅस्टिक तिथून आत शिरलं आणि बादली झाली. शेजारी बाणांचा छोटा त्रिकोण असेल आणि त्यात बहुतेक वेळा ५ हा आकडा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. २ असेल तर हाय डेन्सिटी पॉलिथिलीन. आणि नशीब जोरावर असेल तर एक चिमुकली तबकडी सापडेल, कडेला १ ते १२ आकडे, मध्ये बाण. दिसते घड्याळ, पण दाखवते महिना. बाणाच्या दोन अंगांना वर्षाचे शेवटचे दोन आकडे. वस्तू कोणत्या महिन्यात साच्यातून बाहेर पडली ते तिच्या अंगावरच लिहिलेलं! बादलीवर तबकडी नसली तर खुर्चीखाली पाहा, क्रेटच्या बुडाशी पाहा, हेल्मेटच्या आत पाहा. मी तर पाहतच सुटले आहे. लग्नाच्या हॉलमध्ये पाहते, भांड्यांच्या दुकानात पाहते. परवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत शेजारची रिकामी खुर्ची उलटी केली, तेव्हा कंपाउंडर जागचे उठून उभे राहिले.

याची सुरुवात वसई पूर्वेला झाली. मी हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते, आणि वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात ओळीने जे गाळे आहेत त्यांतल्या काहींचं काम माझ्याकडे असतं. तिथे काय बनतं ते मला बिलांवरून पाठ. झाकणं, डबे, पाइपांची फिटिंग्ज, खेळणी. बादली म्हणजे एचएसएन कोड ३९२४, झोपेतून उठवून विचारा. पण ऑफिसच्या काचेपलीकडे धापा टाकणाऱ्या मशीनकडे मान वर करून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. एक दिवस एका गाळ्यात गेले, तर शेठ बाहेर गेलेले, बिलांची फाइल त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात, आणि आत डाय बदलायचं काम चाललेलं. चेनपुलीला लोखंडाचा एक अवजड ठोकळा लटकत होता. डायमेकर काकांनी तो हळूहळू खाली घेतला, त्याचे दोन भाग वेगळे केले, आणि चकचकीत पॉलिश केलेल्या पोलादाच्या आत बादली नव्हती. बादलीची जागा होती.

मी तिथेच उभी राहिले. काका बोलके निघाले. डाय म्हणजे साचा. एक भाग बादलीचं बाहेरचं अंग, दुसरा आतलं. दोन्ही मिटले की मध्ये जी फट उरते तेवढीच बादली! वरच्या हॉपरमधून प्लॅस्टिकचा दाणा पडतो, गरम बॅरलमध्ये दोनशे अंशांच्या वर तो वितळतो, स्क्रू त्याला पुढे रेटतो, आणि त्या एका टिंबातून सगळा माल आत. डायच्या पोटातून पाणी फिरत असतं, ते माल थंड करतं, डाय उघडते, मागून पिना पुढे येऊन ढकलतात, आणि बादली टपकन पडते. त्या पिनांचेही वण राहतात. बारीक गोल चकत्या. डब्याच्या झाकणाच्या आतून पाहा, दिसतील. मग मी काकांना मोदकाच्या साच्याबद्दल विचारलं. दोन पाकळ्या मिटायच्या, पीठ दाबायचं, उघडायच्या. काका हसले. "मॅडम, ती पण डायच की! फक्त तुमचं प्रेशर अंगठ्याचं." आणि मोदकाच्या दोन्ही अंगांना जी बारीक रेघ उठते, जी आमच्या सासूबाई ओल्या बोटाने पुसून टाकतात, ती दोन पाकळ्यांमधली सांध. साच्यातल्या प्लॅस्टिकच्या वस्तूवर ती कुठे ना कुठे असतेच. कंगव्यावर आहे, टूथब्रशवर आहे, चहाच्या गाळणीच्या मुठीवर आहे. त्या रात्री मी माझा टूथब्रश दिव्याखाली धरून पाहत होते आणि घरचे माझ्याकडे पाहत होते.

पण खरी गोष्ट काकांनी जाता जाता सांगितली. मी विचारलं, बादली वर रुंद आणि खाली निमुळती का? मला वाटलं, ओतायला बरं म्हणून. काका म्हणाले, "टेपर नाय दिला तर माल डायला धरून बसतो. बादली आधी डायमधून सुटली पाहिजे. तुमच्या बाथरूमचं नंतर." प्लॅस्टिक थंड होताना आकसतं, आतल्या भागाला घट्ट आवळून धरतं. भिंती सरळ उभ्या असल्या तर ते सुटता सुटत नाही, म्हणून भिंतींना थोडा उतार. आणि उतार आला की बादलीत बादली बसते! वसई फाट्यावरून हायवेला लागणाऱ्या टेम्पोत नुसती हवा भरून न्यावी लागत नाही, बादल्यांचे उंच मनोरे जातात, दुकानदार तेच मनोरे दारात उभे करतो. एका उताराने डाय खूश, टेम्पोवाला खूश, दुकानदार खूश.

आणि मी? माझ्या वाट्याला तळ अरुंद येतो. शेवटचं पाणी मगमध्ये घ्यायला जावं तर मग आडवा बसत नाही, बादली कलंडवावी लागते. रोज सकाळी बादली कलंडवताना वसई पूर्वेतल्या डायचं ऐकून मी ती कलंडवते आहे, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी तो कोणाला सांगू शकले नाही. सांगितला, पण कोणाला झाला नाही.

बादलीत माझ्यासाठी काहीच नाही असं मात्र नाही. मूठ पाहा. तारेची कडी, आणि तिच्यावर ओवलेली प्लॅस्टिकची नळी. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलोंच्या वर वजन. ते सगळं नुसत्या तारेतून चार बोटांवर आलं तर तार कातडीत रुतते. नळी तेच वजन जास्त जागेवर पसरवते, बस्स. विरारला पाणी खालून वर न्यायचा दिवस ज्याने काढला आहे त्याला या नळीची किंमत सांगायला नको. आणि सगळ्यात आधी तुटते तीच! उभी चिरते, एका बाजूला सरकते, आणि पुढची काही वर्षं बादली तशीच चालते, कारण एवढ्यासाठी नवी बादली कोण आणतं?

तर प्रश्न हा असा हातात आला. अमुक भोक, तमुक उतार, ही कड, ती खाच, कोणाच्या सोयीची? करणाऱ्याच्या, नेणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या, की वापरणाऱ्याच्या? हा प्रश्न घेऊन मी स्वयंपाकघरात शिरले आणि तिथून मला बाहेर काढणं घरच्यांना जड गेलं.

कुकर! कुकरबद्दल मी थांबू शकत नाही. आमच्याकडे हॉकिन्सचा आहे, आतून बसणाऱ्या झाकणाचा. ते झाकण पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे, म्हणून तिरकं केलं की तोंडातून आत जातं, आणि आत गेल्यावर सरळ केलं की बाहेर पडत नाही. आत वाफ कोंडली की ती झाकणाला वर रेटते, म्हणजे तोंडाच्या कडेवर आतून आणखी घट्ट दाबते. दाब जितका जास्त तितकं झाकण पक्कं. उघडायचं तर झाकण आधी खाली दाबावं लागतं, आणि आत दाब असेपर्यंत ते तुमच्या मनगटाला दाद देत नाही. कुलूप नाही, सूचना नाही, लाल दिवा नाही. ज्या वाफेची भीती, तीच पहारेकरी! शिट्टी तर त्याहून सोपी. एक बारीक भोक आणि त्यावर ठेवलेलं वजन. भोकाच्या क्षेत्रफळावर त्या वजनाचा जेवढा भार पडतो त्याहून वाफेचा रेटा वाढला की वजन उचललं जातं आणि वाफ निसटते. आतला दाब साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणून पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तूरडाळ एवढ्या लवकर. आणि पाणी आटून कुकर कोरडा तापला तर? झाकणात एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. त्यात कमी तापमानाला वितळणारा धातू भरलेला असतो, तो स्वतः वितळून वाट करून देतो.

ही युक्ती किती जुनी आहे? दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये असं बंद भांडं लंडनला दाखवलं. त्यावर दाब सोडणारी झडपही त्याचीच. १६८२ मध्ये त्याने रॉयल सोसायटीच्या विद्वानांना त्यातलं जेवण वाढलं होतं, हाडंसुद्धा मऊ शिजली होती. १६८२! म्हणजे शिवाजी महाराज जाऊन दोन वर्षं झाली होती, रायगडावर संभाजी महाराज होते, वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते, आणि लंडनमध्ये प्रेशर कुकरातलं जेवण चाललं होतं. हे मी सासूबाईंना शिट्टी होता होता सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग त्याला विचार, तांदळाला तीन की चार?" आणि बघा, यातही गंमत आहे. कुकरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत मिनिटं दिलेली असतात आणि आपण सगळे मोजतो शिट्ट्या. शिट्टी खरं तर दाब सोडायला ठेवलेली. पण दुसऱ्या खोलीत असताना मिनिटं ऐकू येत नाहीत, शिट्टी येते! वापरणारीने आपली सोय आपण शोधली, आणि ती इतकी सोयीची निघाली की सगळा महाराष्ट्र डाळीची वेळ शिट्ट्यांत सांगतो.

सिलिंडरकडे वळा. घरगुती सिलिंडरच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे वर्षाचे. सिलिंडरची पुढची चाचणी कधी व्हायला हवी ते. रिकाम्या सिलिंडरचं वजनही वर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि हवं तर दारातच काटा मागा. खालच्या कड्याला भोकं का? फरशी ओली असली तरी खालून हवा खेळावी आणि बूड गंजू नये म्हणून. वरचं कडं हाताला धरायला, आणि आडवा पडला तरी व्हॉल्व्हला मार बसू नये म्हणून. आणि तो वास! गॅसला स्वतःचा वास नसतो, मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. गळती नाकाला कळावी म्हणून दुर्गंधी विकत घेऊन घातलेली.

प्लग काढा भिंतीतून. तिसरी पिन, अर्थिंगची, इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड. लांब म्हणून आधी ती आत जाते आणि निघताना शेवटी निघते, म्हणजे वीज येण्याआधी संरक्षण येतं आणि वीज गेल्यावर जातं. जाड म्हणून ती चुकूनही वीजवाल्या भोकात शिरत नाही. नव्या सॉकेटांत तर खालच्या भोकांवर पडदे असतात आणि ही लांब पिनच ते बाजूला सारते. ही गोल पिनांची जात ब्रिटिशांची, १९३४ च्या त्यांच्या प्रमाणातली. त्यांनी स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं प्रमाण काढलं आणि जुनं मागे टाकलं. आपण जुनं सांभाळलं. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या या वाटणीबद्दल शाळेत कोणी का सांगत नाही?

एवढ्यात माझ्या भाचीने, जी डिझाइन शिकते आणि जिला माझी ही अवस्था बघून फार मजा येत होती, दोन गोष्टी हातात ठेवल्या. एक म्हणजे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं १९८८ चं पुस्तक, ज्यात तो दारं, चुली आणि नळ यांच्यावर वैतागतो. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली तर माणूस ओढणारच, दोष माणसाचा नाही, असं त्याचं म्हणणं. वाचताना मला इथल्याच एका बँकेचं काचेचं दार आठवत राहिलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'ढकला' लिहिलेलं आहे आणि बाहेर उभा राहणारा वॉचमन दिवसभर तोंडाने तेच सांगत असतो. दाराला भाषण करावं लागतं म्हणजे काहीतरी बिनसलेलं आहे. दुसरी गोष्ट, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. सगळा देश हिंडून हे दोघे कशावर भाळले? तांब्यावर! आपल्या लोट्यावर. हातात किती मावतो, डोक्यावर कसा तोलतो, भरल्यावर तोल कुठे जातो, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला कसा, वाजतो कसा. असे प्रश्नामागून प्रश्न, आणि मग त्यांचं म्हणणं की हा कोणा एकाने बसून काढलेला आकार नाही, पिढ्यांनी तो घडवला.

मी आमचा तांब्याचा तांब्या घेऊन बसले. गळा बारीक, पोट मोठं. गळ्यात बोटं बसतात, ओल्या हातातूनही सटकत नाही. आणि एकदम लक्षात आलं की हा आकार काकांच्या डायमधून निघूच शकत नाही! पोटापेक्षा गळा अरुंद, मग आतला लोखंडी भाग बाहेर यायचा कसा? तांबटाला ही अडचण नव्हती, तो ठोकून ठोकून गळा आवळत न्यायचा. म्हणून प्लॅस्टिकचे मग आणि बादल्या सगळे उताराचे. पण मग प्लॅस्टिकची कळशी? तिला गळा आहे! तिसऱ्या गाळ्यात जाऊन विचारलंच. ती फुंकलेली. गरम प्लॅस्टिकची नळी दोन भागांच्या डायमध्ये पकडायची आणि आत हवा सोडायची, ती फुगून भिंतीला चिकटते. आत लोखंड नाहीच, हवा आहे, आणि हवा अरुंद गळ्यातूनही निघून जाते. पाण्याची बाटलीही अशीच फुगवलेली. थंड पेयांसाठी ती पेटची बाटली शोधणारा नॅथॅनिएल वाइथ हा अँड्र्यू वाइथ या चित्रकाराचा भाऊ, पेटंट १९७३ चं. थम्सअपच्या बाटलीच्या बुडाला पाच पाय का असतात? बूड सपाट असतं तर गॅसच्या दाबाने फुगलं असतं आणि बाटली डुगडुगली असती. साध्या पाण्याच्या बाटलीत तो दाब नाही, म्हणून तिला ते पाय लागत नाहीत. दोघी शेजारी ठेवून पाहा.

आता वाईट बातम्या. हा प्रश्न हातात असला की राग येण्याच्या जागाही दिसू लागतात.

स्विचबोर्ड. आमच्या हॉलमध्ये एका पट्टीवर आठ स्विच आहेत, आठही पांढरे, आठही सारखे. पंखा कोणता? पाहुणे सगळे दिवे लावून, विझवून, मग पंख्याला पोहोचतात. खोलीत पंखा मध्ये आहे, ट्यूब डावीकडे, बाल्कनीचा दिवा उजवीकडे, पण पट्टीवरचा क्रम वायरमनच्या हाताला जी वायर आधी आली त्याचा. सारखेपणा कारखान्याच्या सोयीचा, एकच साचा आठ वेळा. क्रम वायरमनच्या सोयीचा. आणि बोर्ड विकत घेतला कोणी? बिल्डरने. तो त्या खोलीत एकही रात्र काढणार नाही! इथे मला काहीतरी सापडल्यासारखं झालं. कुकर घेणारी आणि वापरणारी एकच, म्हणून चुकीचा कुकर बाजारात टिकत नाही. जिथे पैसे मोजणारा वेगळा आणि हात लावणारा वेगळा, तिथे वस्तू पैसे मोजणाऱ्याचं ऐकते.

गोळ्यांची पट्टी बघा. मुदत संपण्याची तारीख एका टोकाला छापलेली असते. केमिस्ट चार गोळ्या कापून देतो, आणि नेमकं ते टोक एकतर दुकानात राहतं किंवा तुम्ही पहिल्याच दिवशी फाडून टाकता. उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये बेवारस. काही कंपन्या प्रत्येक खळग्यामागे नाव-तारीख छापतात, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. शाम्पूची पुडी बघा. एकाच कोपऱ्यात 'इथून फाडा' आणि हात ओले! वेफरच्या पाकिटाची कड मात्र आख्खी करवती असते. प्रत्येक खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो, फाटायला तिथून सुरुवात होते, आणि दात सगळीकडे असल्यामुळे कुठूनही धरा. ज्याला कोणाला हे सुचलं त्याच्या घरी चहाला जायला मला आवडेल. लिफ्टमधली ती दोन बटणं बघा, दार उघडा आणि दार लावा, दोन्हींवर एक उभी रेघ आणि दोन त्रिकोण. शेजारच्या आजी पिशव्या घेऊन धावत येतात, आतला भला माणूस घाईघाईने बटण दाबतो आणि दार त्यांच्या तोंडावर बंद होतं. आजी त्याच्याशी बोलत नाहीत. त्रिकोणांना कोणी काही म्हणत नाही.

आणि या सगळ्यानंतर मी विरार लोकलमध्ये चढले.

या मार्गावर १८६७ पासून माणसं विरारहून मुंबईला जाताहेत, तेव्हा मुंबईकडचं स्टेशन बॅकबेला होतं. इतकी वर्षं इतक्या माणसांनी अंगाने तपासलेली दुसरी वस्तू कुठली असेल? बाक तिघांचा. ज्याने तो आखला त्याने तीन माणसं मोजली, आणि विरार लाइनने चार बसवली. चौथी सीट! ती कुठल्याही आराखड्यात नाही. अर्धी मांडी बाहेर, एक पाय रस्त्यात रोवलेला, पाठ शेजारणीच्या खांद्याला. पण तिचे कायदे आहेत. मागितली तर नाही म्हणायचं नसतं. तिघी एकदम, न बोलता, चार बोटं सरकतात. ज्या बाकाला हातांच्या मुठी नाहीत, मधले आडवे दांडे नाहीत, तोच हे देऊ शकतो. वेगवेगळ्या खुर्च्या केल्या असत्या तर चौथी सीट जन्मलीच नसती. आखणाऱ्याने बाक सपाट सोडला तो कदाचित स्वस्त पडावा म्हणून. त्याला रोज भाईंदरपासून आशीर्वाद मिळतात आणि त्याला पत्ता नाही.

मग पंखा. जुन्या डब्यांतला, तारेच्या पिंजऱ्यातला. बटण दाबलं तरी तो पुष्कळदा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. त्यावर उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. कंगवा काढायचा, बाकावर उभं राहायचं, तारांमधून आत घालायचा आणि पात्याला एक टिचकी. पंखा सुटतो! मी आता त्या पिंजऱ्याकडे बघते तेव्हा अंगावर काटा येतो. तारांमधली फट बोट अडेल इतकी अरुंद आणि कंगवा शिरेल इतकी रुंद. हे कोणी ठरवलेलं नाही. पण विरारहून निघणाऱ्या कित्येक पर्सेसमध्ये या एका कामासाठी लांब दांड्याचा कंगवा असतो. हेसुद्धा डिझाइनच की, फक्त अर्धं कारखान्यातलं आणि अर्धं पर्समधलं. २००७ पासून आलेल्या गाड्यांत छतातून हवा ढकलणारे ब्लोअर आले, २०१७ च्या नाताळात वातानुकूलित लोकल आली, आपोआप मिटणाऱ्या दारांची. ती थंड आहे, सुरक्षित आहे, मला आवडते. पण तिच्यात कंगव्याला काम नाही, आणि दार मिटेना म्हणून गाडी हलेना झाली की सगळा डबा त्या दारातल्या एका माणसावर ओरडतो. जुन्या गाडीत आम्ही त्याच माणसाचा दंड धरून त्याला आत ओढलं असतं.

वरची हँडलं मात्र मला माफ नाहीत. ती कोणाच्या उंचीवर बेतली आहेत? माझ्या नाही. माझ्या बाजूला ज्या बाया उभ्या असतात त्यांतल्या निम्म्यांच्याही नाही. आम्ही बाकाच्या पाठीची कड धरतो, दांडा धरतो, एकमेकींना धरतो. वसईहून पहाटे दादरच्या फुलबाजाराला जाणाऱ्या बायकांचं बरं असतं, सोनचाफ्याची नि मोगऱ्याची बोचकी पायांशी ठेवून त्या सरळ खालीच बसतात.

आता शेवटची एक वस्तू आणि मग मी गप्प बसते, घरच्यांनाही तसं कबूल केलं आहे. प्लॅस्टिकची खुर्ची. हेन्री मासोने नावाच्या फ्रेंच माणसाने १९७२ मध्ये आपली एका तुकड्याची खुर्ची बाजारात आणली, आणि मग ती जगभर पसरली. एक डाय, एक शॉट, जेमतेम मिनिटभर, खुर्ची तयार! पाय उताराचे, कारण डाय. पाय उताराचे म्हणून खुर्चीवर खुर्ची बसते, कारण टेम्पो. पाठीला भोकं, त्यामुळे माल कमी लागतो आणि घामाच्या पाठीला वारा मिळतो. सीटला भोक असलं तर पावसाचं पाणी साठत नाही, हे वसईच्या पावसात कळतं. सगळ्यांची सोय झाली. फक्त एक राहिलं. गुळगुळीत टाइल्सवर भारी माणूस मागे रेलला की मागचे पाय फाकतात, आणि मग काय होतं ते प्रत्येक लग्नात कोणीतरी पाहिलेलं असतं.

यावरचा तोडगा आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे आहे. वार्षिक सभेला तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आले, म्हणजे चांगले भरदार भाऊ, की ते न सांगता एक खुर्ची दुसरीत बसवतात आणि जोडखुर्ची पुढे करतात. आठ पाय, दुप्पट जाडी, काही फाकत नाही. टेम्पोच्या सोयीसाठी दिलेला उतार इथे भाऊंच्या कामी आला! अडचण एवढीच की वरची खुर्ची खालचीपेक्षा चार बोटं उंच बसते, त्यामुळे भाऊ अध्यक्षांपेक्षा वर दिसतात, आणि अध्यक्षांनी यंदा स्वतःसाठीही दोन खुर्च्या मागितल्या आहेत.